सामायिक फोल्डरमधील फाइल आणि ओपनरिफाइन : आंबिया बहराच्या एका हंगामानंतर

नागपूरमधील कळमन्याच्या बाजारापासून जवळच आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे गोदाम असून त्याला लागूनच कार्यालय आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर तालुक्यांतील सभासदांची संत्री तेथे येतात, वजन होते, क्रेट मोजले जातात आणि प्रत्येक पावतीची एक ओळ संगणकात पडते. काट्याजवळ एक संगणक आहे, हिशेबाच्या टेबलावर दुसरा, आणि माझ्यासमोर तिसरा. हिशेबाच्या संगणकावरील एक फोल्डर सर्वांसाठी खुले केलेले असून बाकीच्या दोन संगणकांवर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. गोदामातील नोंदींच्या फायली आणि तालुक्यांच्या संकलन केंद्रांवरून मेलने येणाऱ्या फायली याच फोल्डरमध्ये जमा होतात. त्या फायली तेथून उचलून, स्वच्छ करून, सभासदांच्या देयकांसाठी तयार करणे हे माझे काम आहे. त्यासाठी मागील आंबिया बहराचा, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास निघणाऱ्या संत्र्यांचा, संपूर्ण हंगाम मी ओपनरिफाइन हे सारण्यांतील नोंदी स्वच्छ करण्याचे मोफत सॉफ्टवेअर वापरले. नेटवर्कवरील फोल्डरमधून फाइल आत घेण्याच्या कामी ते कसे ठरले, हे या परीक्षणात प्रामुख्याने सांगायचे आहे. कारण आमच्यासारख्या लहान कार्यालयांत काम अडते ते बहुधा याच पहिल्या पायरीवर.

त्याआधीचा अनुभव सांगितल्याशिवाय या सॉफ्टवेअरचे मोल कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका व्यावसायिकाकडून वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करून घेतले होते. ते कार्यालयातीलच एका वेगळ्या संगणकावर विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असे आणि त्यात फाइलचा पत्ता लिहून द्यावा लागे. आम्ही झेड ड्राइव्हचा पत्ता देत असू आणि अ‍ॅप्लिकेशन प्रत्येक वेळी फाइल सापडत नसल्याचा संदेश दाखवीत असे, जरी तीच फाइल त्याच संगणकावर आम्हाला डोळ्यांसमोर दिसत होती. कारण समजायला फार दिवस गेले. ड्राइव्हचे अक्षर हे संगणकाचे नसून लॉगइन केलेल्या माणसाचे असते. मी लॉगइन केले की माझ्यापुरता झेड ड्राइव्ह तयार होतो. पण पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालते आणि त्या खात्याला झेड नावाचे काही अस्तित्वातच नसते. तिला दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, संगणकाचे आणि फोल्डरचे नाव असलेला पूर्ण पत्ता द्यावा लागतो, आणि शिवाय त्या खात्याला दुसऱ्या संगणकाने ओळखावेही लागते. डोमेन, म्हणजे सर्व संगणकांची खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था, नसलेल्या आमच्यासारख्या ठिकाणी याचा सरळ उपाय म्हणजे दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डचे खाते तयार करून सर्व्हिस त्या खात्याने चालवणे. त्यातही परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक सामायिक करण्याच्या आणि दुसऱ्या डिस्कवरील फोल्डरच्या, आणि या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल तीच लागू होते. हे सर्व जुळवल्यावर फायली वाचल्या जाऊ लागल्या, परंतु ही जुळणी सांभाळणे आमच्यापैकी कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. एखाद्याने पासवर्ड बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी काम बंद.

ओपनरिफाइनची घडण वेगळी आहे. ते वेब अ‍ॅप्लिकेशनच आहे, म्हणजे काम ब्राउझरमध्ये होते, परंतु त्याचा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालतो आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर, ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देतो. मेटावेब या कंपनीने २०१० मध्ये फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने ते आणले. त्याच वर्षी गूगलने ती कंपनी घेतल्यावर ते गूगल रिफाइन झाले, आणि २०१२ पासून ते ओपनरिफाइन या नावाने मुक्त स्रोत प्रकल्प म्हणून स्वयंसेवकांच्या हाती आहे. विंडोजसाठी जावासह तयार संच मिळतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. कामासाठी इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण आमच्या फायलींत सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती असतात.

या घडणीचा पहिला लाभ फाइल आत घेतानाच दिसतो. नवा प्रकल्प सुरू करून ‘धिस कम्प्युटर’ हा पर्याय निवडला की नेहमीची फाइल निवडण्याची खिडकी उघडते. येथे फाइल वाचण्याचे काम ब्राउझर करतो, आणि ब्राउझर मी लॉगइन केलेल्या खात्याने चालत असतो; म्हणून मला जो झेड ड्राइव्ह दिसतो तोच त्यालाही दिसतो. ओपनरिफाइनच्या सर्व्हरला सामायिक फोल्डर माहीत असण्याची गरजच उरत नाही, कारण ब्राउझर त्याच्या हाती पत्ता न देता फाइलमधील मजकूर देतो. झेड ड्राइव्ह काही कारणाने तुटला असेल तर त्याच खिडकीत फाइलच्या नावाच्या जागी फोल्डरचा पूर्ण नेटवर्क पत्ता टंकला तरी ते उघडते. मात्र हाच पत्ता ‘वेब अ‍ॅड्रेसेस’ या पर्यायात टाकून पाहू नये. ती जागा एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी आहे आणि सामायिक फोल्डर हा वेबचा पत्ता नव्हे. सुरुवातीला मीही हीच चूक केली होती.

एकाच वेळी अनेक फायली निवडता येतात, आणि त्या सर्वांची मिळून एक सारणी तयार होते. आम्ही आठवड्याच्या सर्व फायली एकत्र घेतो. अशा वेळी ‘स्टोअर फाइल सोर्स’ या पर्यायावर खूण करणे मी अत्यावश्यक मानते. तो निवडला की प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या फाइलमधून आली हे लिहिले जाते. एखाद्या सभासदाने वजनाबद्दल विचारणा केली तर ती ओळ कोणत्या केंद्राच्या, कोणत्या दिवसाच्या फाइलमधली आहे हे त्यामुळे लगेच सांगता येते. अर्थात त्यासाठी फायलींची नावे केंद्र आणि तारीख यांवरून दिलेली असावी लागतात, आणि ती शिस्त सॉफ्टवेअर लावत नाही.

फाइल निवडल्यावर ती लगेच आत जात नाही. आधी पूर्वदृश्य दिसते. माझ्या मते या सॉफ्टवेअरची सर्वांत मोलाची जागा हीच आहे आणि नव्या वापरकर्त्याने येथे घाई करू नये. येथे अक्षरांची सांकेतिक पद्धत, रकान्यांचे विभाजक चिन्ह, वरच्या किती ओळी सोडायच्या आणि शीर्षकाची ओळ कोणती हे ठरवता येते, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम खाली ताबडतोब दिसतो. देवनागरी नावे वाचता न येणाऱ्या चिन्हांत दिसली तर सांकेतिक पद्धत यूटीएफ-८ करावी. बहुतेक वेळा तेवढ्याने नावे सरळ होतात. पण नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर दोष येथे नसून फाइल जतन करताना घडलेला असतो. एक्सेलमध्ये साध्या सीएसव्ही प्रकारात (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली मजकूर फाइल) फाइल जतन केली की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जातात आणि मूळ अक्षरे त्या फाइलमधून कायमची जातात. कोणत्याही सॉफ्टवेअरला ती परत आणता येत नाहीत. एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार दिलेला आहे, आणि आमच्या केंद्रांवर तोच निवडण्याची सूचना कागदावर छापून भिंतीला लावलेली आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेल्या नावांची गोष्ट याहून वेगळी. ती आधी रूपांतरित करूनच आणावी लागतात.

पूर्वदृश्यातच मजकुराचे अंकांत रूपांतर करण्याचा एक पर्याय आहे. पावत्यांच्या फायलींसाठी त्यावर खूण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे पावती क्रमांक शून्यांनी सुरू होतात, बँक खात्यांचे काही क्रमांकही तसेच असतात, आणि अंक म्हणून वाचले गेले की पुढची शून्ये गळून पडतात. खाते क्रमांकांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते : एक्सेल कोणत्याही अंकाची पहिली १५ स्थानेच अचूक ठेवते आणि त्यापुढील आकड्यांच्या जागी शून्ये लिहिते. त्यामुळे लांब खाते क्रमांक एक्सेलमध्ये मजकूर म्हणूनच टंकलेला असला पाहिजे. ओपनरिफाइनमध्ये सर्व रकाने मजकूर म्हणून आणून नंतर फक्त वजनाचा आणि क्रेटचा रकाना अंकांत बदलणे हा मार्ग मला निर्धोक वाटला. तारखांचेही तेच. ‘०३/११’ म्हणजे तीन नोव्हेंबर की अकरा मार्च हे सॉफ्टवेअरला ठरवू देण्याऐवजी दिवस आधी, महिना नंतर असा क्रम आपणच लिहून द्यावा.

आता ज्या गोष्टीमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले ती गोष्ट. ओपनरिफाइन फाइल आत घेते तेव्हा तिची प्रत घेते, आणि मूळ फाइलशी त्यानंतर कोणताही संबंध ठेवत नाही. आपण आत काहीही केले तरी सामायिक फोल्डरमधील फाइलला धक्का लागत नाही. चार जणांचा हात असलेल्या फोल्डरमधून काम करताना याने जो निवांतपणा मिळतो तो मला पूर्वी कधीच मिळाला नव्हता. पण याचीच दुसरी बाजू अशी की आत घेतल्यानंतर मूळ फाइलमध्ये कोणी ओळी वाढवल्या, तर त्या आपल्यापर्यंत कधीच येत नाहीत आणि तसे सांगणारी कोणतीही खूणही दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी मी गोदामाची फाइल आत घेतली, दीड तास काम केले आणि बेरीज काट्यावरच्या वहीशी जुळेना. काट्यावरच्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, “टाकली ना जी ताई फाइल, पण उघडीच आहे इकडे. शेवटच्या दोन गाड्या आत्ता चढवतोय.” मी घेतली होती ती त्याने त्यापूर्वी जतन केलेली अवस्था. एक्सेलमध्ये टंकलेल्या पण जतन न केलेल्या ओळी डिस्कवर नसतातच, तेव्हा त्या कोणत्याही मार्गाने माझ्याकडे येणे शक्य नव्हते. चूक सॉफ्टवेअरची नव्हती आणि त्या मुलाचीही नव्हती. फाइल पूर्ण झाली आहे हे एकमेकांना कळवण्याची पद्धतच आम्ही ठरवलेली नव्हती.

ती पद्धत आता ठरलेली आहे. काट्यावर दिवसभर चालणारी फाइल त्या संगणकावरच राहते. दिवस संपला की ती जतन करून बंद केली जाते आणि मगच सामायिक फोल्डरमध्ये आधी तात्पुरत्या नावाने ठेवली जाते. प्रत पूर्ण उतरली की तिच्या नावाला ‘पूर्ण’ हा शब्द जोडला जातो. मी फक्त ‘पूर्ण’ असलेल्या फायली घेते. नाव बदलणे क्षणार्धात होते, पण मोठी फाइल नेटवर्कवरून उतरायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात कोणी ती वाचली तर अर्धीच फाइल हाती येते. तोच धोका या नावाच्या युक्तीने टळतो. फाइल निवडल्यानंतर आणि ती पूर्ण वाचली जाण्यापूर्वी तिच्यात बदल झाला तर क्रोम ब्राउझर काम थांबवून तसा दोष दाखवतो, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. असा संदेश आला तर घाबरून न जाता फाइल बंद झाल्याची खात्री करून ती पुन्हा निवडावी.

आत आलेल्या फाइलची स्वच्छता हे ओपनरिफाइनचे मुख्य सामर्थ्य, आणि तेथे ते पूर्ण गुण मिळवते. गावाच्या रकान्यावर टेक्स्ट फॅसेट लावला की प्रत्येक वेगळे लेखन आणि त्याची संख्या बाजूला दिसते. आमच्या यादीत कळमेश्वर होते आणि कलमेश्वर होते. नरखेड होते, आणि हिंदी कळफलक वापरणाऱ्याने ड खाली नुक्ता दिलेले नरखेड़ही होते. हा नुक्ता असलेला ड युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात. त्यामुळे डोळ्यांना एकच वाटणारे गाव यादीत दोनदा दिसले, की कारण बहुधा हे किंवा शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा असते. मोकळ्या जागा काढण्याची आज्ञा तयार आहे आणि ती प्रत्येक फाइलवर सर्वांत आधी चालवावी.

समान लेखन शोधून एकत्र करणारे क्लस्टरिंग हे आमच्याकडच्या नावांसाठी तर जणू मुद्दाम केल्यासारखे वाटते. त्यातील फिंगरप्रिंट ही पद्धत शब्द सुटे करून क्रमाने लावते, त्यामुळे सातबाऱ्यावरून उतरवलेले ‘वसंत रामराव देशमुख’ आणि मतदार यादीच्या धर्तीवर लिहिलेले ‘देशमुख वसंत रामराव’ ही दोन्ही एकाच गटात येतात. ऱ्हस्वदीर्घाच्या फरकांसाठी लेव्हनश्टाइन अंतराची पद्धत उपयोगी पडते, कारण ती एका लेखनाचे दुसरे करण्यासाठी किती चिन्हे बदलावी लागतात हे मोजते. मात्र तिचा वेग वाढवण्यासाठी आधी सलग समान भाग असलेलीच लेखने एकमेकांशी ताडली जातात आणि या भागाची लांबी मुळात ६ चिन्हे ठेवलेली असते. पाटील आणि पाटिल यांच्यातील सलग समान भाग तीनच चिन्हांचा असल्याने केवळ आडनावांच्या रकान्यासाठी हा आकडा ३ वर आणावा लागतो. वेळ थोडा अधिक जातो, पण काही हजार ओळींसाठी तो जाणवण्याइतका नाही. उच्चारावर आधारलेल्या पद्धतींकडे देवनागरीसाठी वळू नये, त्या युरोपीय भाषांच्या उच्चारांवर बेतलेल्या आहेत. आणि कोणताही गट डोळे मिटून एकत्र करू नये. एकाच नावाचे दोन सभासद, एक काटोलचा आणि एक सावनेरचा, आमच्याकडे खरोखरच आहेत. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नयेत म्हणून मी नावाबरोबर सभासद क्रमांक ताडल्याशिवाय गट स्वीकारत नाही.

केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि कितीही मागे जाता येते. ही नोंद बाहेर काढून पुढच्या आठवड्याच्या प्रकल्पावर तशीच चालवता येते, आणि मूळ फाइलशी संबंध न ठेवण्याच्या मर्यादेची बरीचशी भरपाई यानेच होते : नवी फाइल आली की नवा प्रकल्प, आणि त्यावर जुनी आज्ञावली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकेका चौकटीत हाताने केलेल्या दुरुस्त्या या आज्ञावलीत येत नाहीत. समान असलेल्या सर्व चौकटी एकदम बदलल्या असतील तरच त्या येतात. म्हणून दुरुस्ती शक्य तेथे फॅसेटमधून करावी. गोदामातील तो जुळत नसलेला दिवस मी पुन्हा आत घेतला तेव्हा दीड तासाचे काम या सोयीमुळे काही मिनिटांत उरकले.

संगणकाच्या स्मृतीबद्दल (रॅम) थोडे. मुळात हे सॉफ्टवेअर सुमारे १ जीबी स्मृती वापरते आणि मोठ्या फाइलसाठी ती सेटिंग्जच्या फाइलमध्ये वाढवावी लागते. आम्हाला संपूर्ण हंगाम एकत्र घेतल्यावरच तशी गरज पडली. काम दर ५ मिनिटांनी आपोआप जतन होते. बंद करताना मात्र सॉफ्टवेअर सुरू केल्यावर उघडणारी काळी खिडकी फुलीने न मिटवता कंट्रोल आणि सी दाबून बंद करावी, म्हणजे शेवटची काही मिनिटे हातची जात नाहीत.

सर्वांनी मिळून वापरण्यासाठी हे सॉफ्टवेअर योग्य नाही, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते. त्याचा सर्व्हर नेटवर्कवरील इतर संगणकांसाठी खुला करता येतो, आणि हिशेबाच्या टेबलावरून तशी मागणीही झाली होती. पण त्यात लॉगइनची कोणतीही सोय नाही. एकदा खुला केला की कार्यालयाच्या वाय-फायवर असलेला कोणीही सभासदांची खाती पाहू शकेल आणि बदलूही शकेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे, आणि तो नसता तरी ज्यांनी विश्वासाने आपले क्रमांक दिले त्यांची माहिती अशी उघड्यावर ठेवणे मला मान्य झाले नसते. प्रकल्पांचे फोल्डर सामायिक ड्राइव्हवर नेऊन दोघांनी आपापल्या संगणकावरून चालवण्याचा मार्गही टाळावा. एका वेळी एकाच माणसाने वापरावे या समजुतीनेच ते बांधलेले आहे. दुसऱ्याला काम द्यायचे असेल तर संपूर्ण प्रकल्प एका दबलेल्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो आणि तो घेणाऱ्याला सगळा इतिहासही मिळतो. आम्ही हिशेबाला तसे देतो, आणि तयार यादी वेगळ्या सीएसव्ही फाइलमध्ये सामायिक फोल्डरच्या एका स्वतंत्र उपफोल्डरमध्ये ठेवतो. त्या उपफोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी फक्त माझ्या खात्याला आहे, बाकीच्यांना केवळ वाचण्याची.

सामायिक फोल्डरबद्दलही एक सूचना करते. जुन्या नेटवर्क डिस्कवर फायली ठेवणाऱ्या कार्यालयांत नवा संगणक आणल्यावर फोल्डर दिसेनासे होते, आणि त्याचे खापर पुष्कळदा अ‍ॅप्लिकेशनवर फोडले जाते. प्रत्यक्षात ती डिस्क एसएमबीची, म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर सामायिक करण्याच्या नेटवर्क पद्धतीची, पहिली आवृत्ती वापरत असते, आणि २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून ही पद्धत मुळात बसवली जात नाही किंवा वापरात नसेल तर आपोआप काढली जाते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर ज्या दोषातून शिरकाव केला तो याच जुन्या आवृत्तीतला होता. ती पुन्हा सुरू करून वेळ मारून नेण्यापेक्षा डिस्कचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि तसे होत नसेल तर डिस्कच बदलावी.

ज्या कार्यालयात फायली अनेक हातांनी तयार होतात पण स्वच्छ एकाच व्यक्तीला करायच्या असतात, तेथे मी ओपनरिफाइनला पाचांपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कमी केला तो एकाच कारणासाठी : प्रत घेतली त्या वेळी मूळ फाइल कोणत्या वेळेची होती, एवढी नोंद जरी सारणीत आपोआप आली असती, तरी नोव्हेंबरमधील ती संध्याकाळ वाया गेली नसती. सध्या ती वेळ मी प्रकल्पाच्या नावातच लिहिते. मृग बहराची, म्हणजे संत्र्यांच्या दुसऱ्या हंगामाची, पहिली गाडी फेब्रुवारीत येईल तेव्हा काट्यावरच्या मुलाने फाइलच्या नावातही ती लिहायची, असे आमचे ठरले आहे.